कर्नलमध्ये बॅरिअर टाकला तरी युजरस्पेसला जुना डेटा का दिसतो

आधी प्रश्न काय ते सांगतो. एक ड्रायव्हर आहे, त्याने रिंग बफर (शेवट आला की परत सुरुवातीपासून भरणारा बफर) बनवून एममॅपने, म्हणजे तीच मेमरी शेअर करून, युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामला) दिलाय. इंटरप्ट आला की कर्नल त्यात रेकॉर्ड लिहितो आणि हेड (कुठवर लिहिलं तो आकडा) पुढे सरकवतो, युजरचा प्रोसेस हेड बघतो, रेकॉर्ड वाचतो, टेल (कुठवर वाचलं तो आकडा) पुढे नेतो. एक्स८६ वर कित्येक महिने एक तक्रार नाही, एआरएम६४ बोर्डावर टाकलं आणि काही तासांनी एखादा रेकॉर्ड अर्धा जुना निघतो. हेड व्होलाटाइल करून झालं, कर्नलमध्ये हेड लिहायच्या आधी राइट बॅरिअर (आधीचं लिहिणं नंतरच्याच्या आधीच दिसावं ही सूचना) टाकून झाला, तरी येतंच. म्हणून विचारलंय की कर्नलने बॅरिअर टाकल्यावर युजरला अजून काही करावं लागतं का, आणि मध्ये पोलचा (डेटा येईपर्यंत थांबायचा) सिस्टम कॉल आहेच की, तो बॅरिअरचं काम करत नाही का.

करावं लागतं, आणि पोलच्या भरवशावर राहू नका. टाळी एका हाताने वाजत नाही तसंच बॅरिअरचं असतं, लिहिणाऱ्याने क्रम पाळला आणि वाचणाऱ्याने नाही पाळला तर लिहिणाऱ्याची मेहनत पाण्यात. कर्नल आणि युजर हा भेद आपल्या डोक्यात असतो, मेमरी ऑर्डरिंगच्या दृष्टीने ते दोन कोअर आहेत, एक लिहितोय एक वाचतोय, त्यातला एक प्रिव्हिलेज मोडमध्ये आहे याने काहीही फरक पडत नाही.

तुमच्या बोर्डावर नक्की काय होत असणार ते जरा जवळून बघू. कर्नल कोअर ० वर आहे, युजर कोअर २ वर. रिंग एकदा पूर्ण फिरून आलीय, म्हणजे ज्या स्लॉटमध्ये आता नवीन रेकॉर्ड येणार त्याची मागच्या फेरीची कॅशे लाइन (कॅशेतला मेमरीचा छोटा तुकडा) कोअर २ कडे अजून पडून असू शकते. कोअर २ हेड वाचायला जातो, पण हेडची लाइन कोअर ० ने आत्ताच लिहिल्यामुळे ती कोअर २ कडे नाहीये, मिस होतो, उत्तर यायला वेळ लागणार. आता प्रोसेसर हात बांधून बसत नाही. पुढे इफ आहे, ब्रँच प्रेडिक्टर म्हणतो की हेड टेलच्या पुढे असेल, चला आत, आणि आतला पेलोडचा (रेकॉर्डमधल्या डेटाचा) लोड, म्हणजे मेमरीतून वाचणं, लगेच चालवून टाकतो, आणि ती लाइन त्याच्याच कॅशेत आहे, मागच्या फेरीची. मग पेलोडची लाइन इनव्हॅलिडेट (बाद) झाल्याचं येतं, हेडची नवीन किंमत येते, इफ खरा ठरतो, अंदाज बरोबर निघाला म्हणून काहीही मागे फिरवलं जात नाही. हेड नवीन, पेलोड जुना. कर्नलने पेलोड आधी आणि हेड नंतर अगदी नियमाने लिहिलेलं असूनही.

एक्स८६ पण लोड आधी चालवतोच बरं का, पण तिथे मधल्या काळात ती लाइन इनव्हॅलिडेट झाली तर प्रोसेसर तो लोड फेकून देऊन परत करतो, त्यामुळे प्रोग्रामला क्रम बिघडलेला कधी दिसत नाही. एआरएमला हे वचन दिलेलं नाही, पॉवर आणि रिस्क-व्हीलाही नाही. म्हणजे तुमचा कोड एक्स८६ वर बरोबर नव्हता, फक्त चालत होता. (तेही कंपायलरच्या कृपेने, त्याने क्रम बदलला असता तर तिथेही बोंब होती.)

इफ आहे म्हणजे क्रम आपोआप राखला जाईल असं खूप जणांना वाटतं. इफमुळे लोडनंतरचा स्टोअर (मेमरीत लिहिणं) थांबतो, कारण अंदाजावर केलेला स्टोअर प्रोसेसर बाहेर दाखवत नाही. इफनंतरचा लोड थांबत नाही. हा फरक लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

व्होलाटाइलबद्दल दोनच वाक्यं. त्याने कंपायलर तो एक व्हेरिएबल रजिस्टरमध्ये धरून बसत नाही इतकंच, पेलोडचा मेमकॉपी व्होलाटाइल नसतो त्यामुळे कंपायलर तो व्होलाटाइल स्टोअरच्या अलीकडे पलीकडे नेऊ शकतो, आणि प्रोसेसरला तर व्होलाटाइल म्हणजे काय ते माहीतच नाही. कर्नलमधले रीड वन्स आणि राइट वन्स हे साधारण याच जातीचे आहेत, ते कंपायलरला आवरतात, कोअरला नाही.

आता दुरुस्ती. कर्नलच्या बाजूला पेलोड लिहून झाला की हेड एसएमपी स्टोअर रिलीजने (आधीचं सगळं याच्या आधीच दिसेल असा स्टोअर) लिहा, सुटा राइट बॅरिअर आणि मग साधा स्टोअर असं दोन तुकड्यांत नको. चुकीचं नाहीये ते, पण सहा महिन्यांनी कोणीतरी मध्ये एक ओळ घुसवतो. एसएमपी लोड अ‍ॅक्वायर आणि स्टोअर रिलीज हे कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून आहेत, त्यामुळे जुन्या कर्नलचं कारण चालणार नाही. युजरच्या बाजूला हेड सी११ च्या अ‍ॅटॉमिक लोडने मेमरी ऑर्डर अ‍ॅक्वायर (पुढचं काही याच्या आधी चालणार नाही असा लोड) देऊन वाचा, किंवा जीसीसीचा तोच बिल्टिन वापरा. कोणी विचारेल की कर्नलचं मेमरी मॉडेल वेगळं आणि सी११ चं वेगळं, मग दोघांची जोडी जमते कशी. कागदावर ते दोन वेगळे नियमसंच आहेत हे खरंय, पण शेवटी मशीन एकच आहे. एआरएम६४ वर कर्नलचा रिलीज एसटीएलआर इन्स्ट्रक्शन होतो, युजरचा अ‍ॅक्वायर एलडीएआर होतो, आणि या दोघांची जोडी प्रोसेसरच्या पातळीवर जमते. एक्स८६ वर दोन्ही साधे मूव्ह, फक्त कंपायलरला ताकीद. म्हणजे तिथे फुकट, एआरएमवर जवळजवळ फुकट, तेव्हा स्पीडच्या नावाखाली हे काढायचा मोह नको.

तुमचा मूळ त्रास इथे संपेल असं वाटतंय. पण मी असा कोड बघायला बसतो तेव्हा तीन ठिकाणं तपासतो आणि लोक साधारण पहिल्यावरच थांबतात. पहिलं झालं, हेड. दुसरं टेल.

टेल म्हणजे युजर कर्नलला सांगतोय की हा स्लॉट मी वाचून मोकळा केला, आता वर लिहा. इथे युजरने पेलोड वाचायचा लोड आणि टेलचा स्टोअर यांचा क्रम राखायचा आहे, नाहीतर टेल आधी दिसतो, कर्नल खूश होऊन पुढच्या फेरीचा डेटा ओततो आणि युजरचा राहिलेला लोड तो नवीन डेटा उचलतो. एक्स८६ वर लोडच्या आधी पुढचा स्टोअर दिसत नाही त्यामुळे तिथे कळतच नाही. उपाय तोच, टेल रिलीजने लिहा. कर्नलच्या बाजूला टेल वाचून जागा आहे का बघणारा इफ आणि मग पेलोडचा स्टोअर, हा वर सांगितलेला लोड, इफ, स्टोअर असा क्रम आहे, म्हणून रीड वन्स केलं असेल तर तिथे वेगळ्या बॅरिअरशिवाय भागतं. लिनक्सच्या पर्फच्या (परफॉर्मन्स मोजायच्या सोयीच्या) रिंग बफर कोडमध्ये यावर एक सुंदर कमेंट आहे, दोन कॉलम काढलेत, डावीकडे कर्नल उजवीकडे युजर, चार जागांना ए बी सी डी नावं दिलीत आणि कोणाची जोडी कोणाशी ते सांगितलंय: ए ची डी शी, बी ची सी शी. ए म्हणजे हाच इफ. तरी माझं मत विचाराल तर तुमच्या ड्रायव्हरमध्ये टेलही सरळ अ‍ॅक्वायरनेच वाचा. इफच्या भरवशावरचा क्रम कंपायलर मोडू शकतो, दोन्ही फांद्यांत सारखाच स्टोअर असला तर तो उचलून इफच्या वर नेऊ शकतो, आणि पर्फवाल्यांइतके डोळ्यात तेल घालून बसणारे रिव्ह्यूअर तुमच्या कोडला मिळणार आहेत का?

इथे ओळखायची एक खूण सांगतो जी मला स्वतःला फार उपयोगी पडली. खराब रेकॉर्डमध्ये मागच्या फेरीचा डेटा दिसला तर गडबड हेडच्या बाजूला, पुढच्या फेरीचा दिसला तर टेलच्या बाजूला (किंवा तुमचा रिंग भरलीय का हा हिशोबच चुकलाय, ते आधी बघा). हे कळायला प्रत्येक रेकॉर्डच्या सुरुवातीला आणि शेवटी तोच अनुक्रमांक लिहायचा आणि वाचताना दोन्ही जुळवायचे. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये आम्ही दोन आठवडे प्रिंटके (कर्नलचा लॉग छापणारा कॉल) टाकत बसलो होतो, टाकला की बग गायब, काढला की हजर, कारण प्रिंटके इतका वेळ खातो आणि आत इतके लॉक घेतो की क्रम आपोआप लागायचा. शेवटी प्रिंट सगळे काढले, दोन अनुक्रमांक टाकले, रात्रभर चालू ठेवलं, सकाळी सात खराब रेकॉर्ड होते आणि सातही मागच्या फेरीचे. पुढचा फिक्स एका ओळीचा होता.

आता तिसरं ठिकाण, झोप आणि जागं करणं. इथे अनुभवी माणसंही आपटतात आणि इथे एक्स८६ सुद्धा वाचवत नाही. समजा सारखा सिस्टम कॉल नको म्हणून शेअर पानावर एक फ्लॅग ठेवलाय, मी झोपतोय मला उठवा. युजर फ्लॅग लिहितो, मग हेड शेवटचं एकदा बघतो, रिकामं असेल तर झोपतो. कर्नल हेड लिहितो, मग फ्लॅग बघतो, असेल तर उठवतो. दोन्हीकडे आधी स्टोअर मग दुसऱ्या जागेचा लोड. अ‍ॅक्वायर रिलीज या क्रमाला हातही लावत नाहीत, आणि हा एकमेव क्रम असा आहे जो एक्स८६ पण मोडतो, कारण स्टोअर आधी स्टोअर बफरमध्ये जाऊन बसतो आणि पुढचा लोड त्याला ओलांडून जातो. निकाल असा की युजरला हेड जुना दिसला, कर्नलला फ्लॅग जुना दिसला, युजर झोपला, कोणी उठवलं नाही, रिंगमध्ये रेकॉर्ड पडून आहे. पुढचा इंटरप्ट आला की सगळं परत सुरळीत, त्यामुळे बाहेरून हे कधीमधी लेटन्सी वाढते असं दिसतं आणि लोक शेड्युलरला शिव्या घालतात.

इथे दोन्ही बाजूंना पूर्ण बॅरिअर लागतो. कर्नलमध्ये एसएमपी एमबी, युजरमध्ये सी११ चा अ‍ॅटॉमिक थ्रेड फेन्स सिक्वेन्शिअली कन्सिस्टंट. जेन्स अ‍ॅक्सबोने केलेलं आयओ युरिंग (शेअर रिंगांतून आयओ करायची लिनक्सची सोय), कर्नल ५.१ मध्ये २०१९ ला आलेलं, त्यात एसक्यूपोल मोडमध्ये (कर्नलचा थ्रेड स्वतःच रिंग तपासत राहतो तो) नेमकं हेच आहे: कर्नलचा थ्रेड झोपायच्या आधी नीड वेकअप फ्लॅग लावतो आणि रिंग परत तपासतो, युजर टेल लिहून झाल्यावर फुल बॅरिअर टाकून मग तो फ्लॅग बघतो. लिबयुरिंग ही त्याची लायब्ररी वापरणाऱ्याला हे कळतही नाही, आणि जो मला लायब्ररी कशाला हवी म्हणून थेट रिंग हाताळायला जातो तो हमखास हा एक बॅरिअर विसरतो.

याच्यातला एक छुपा खड्डा. युजरच्या बाजूला काही जण म्हणतात की फेन्स कशाला, फ्लॅगचा स्टोअरच सिक्वेन्शिअली कन्सिस्टंट करतो. एक्स८६ वर तो स्टोअर एक्सचेंज इन्स्ट्रक्शन बनतो आणि ती आपोआप पूर्ण बॅरिअर असते, म्हणून चालतं. एआरएम६४ वर तोच स्टोअर एसटीएलआर बनतो, आणि त्याच्या पुढचा साधा लोड, म्हणजे रिलॅक्स्ड केलेला, त्याला बिनधास्त ओलांडू शकतो. सी११ ला दोन्ही बाजूंचे चारही अ‍ॅक्सेस त्या कडक ऑर्डरचे लागतात, आणि इथे दोन तर कर्नलच्या ताब्यात आहेत. तेव्हा फेन्सच टाका.

तुम्ही पोल वापरताय आणि असा फ्लॅग नाहीये, त्यामुळे अर्धी चिंता कमी. पोलमध्ये ड्रायव्हरने आधी पोल वेट बोलवायचं आणि मग हेड बघायचं, उलटं नाही. उठवताना सरळ वेक अप बोलवलंत तर वेट क्यूचा (झोपलेल्यांच्या यादीचा) लॉक दोन्ही बाजूंना घेतला जातो आणि त्यातून क्रम मिळतो. पण कोणीतरी ऑप्टिमायझेशन म्हणून आधी वेटक्यू अ‍ॅक्टिव्ह तपासून मगच वेक अप करत असेल तर तोच वरचा बग परत दारात. त्याच्या जागी डब्ल्यूक्यू हॅज स्लीपर वापरा, त्याच्या आत पूर्ण बॅरिअर आहे.

आणि सिस्टम कॉल हा बॅरिअर का नाही? एआरएमवर एसव्हीसीने कर्नलमध्ये शिरताना इन्स्ट्रक्शनचा संदर्भ ताजा होतो, डेटा मेमरीचे आधीचे लोड स्टोअर रांगेत लागतील असं कोणी म्हटलेलं नाही. प्रत्यक्षात कर्नलच्या आत इतके लॉक आणि अ‍ॅटॉमिक असतात की बहुतेक वेळा क्रम लागून जातो, पण तो योगायोग आहे. शिवाय तुमचा लूप पोलमधून परत आल्यावर एकच रेकॉर्ड वाचत नसणार, हेड संपेपर्यंत वाचत असणार, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डपासून पुढे मध्ये सिस्टम कॉल आहेच कुठे.

अ‍ॅक्वायर टाकूनही खराब रेकॉर्ड आले तर बॅरिअर वाढवत बसू नका, एममॅपचा कोड उघडा. तिथे पेज प्रोटेक्शन नॉनकॅश्ड करणारी ओळ आहे का? दुसऱ्या ड्रायव्हरमधून कॉपी करताना ही ओळ फुकटात येते. कर्नल त्याच पानाला कॅशेबल म्हणून लिहितोय आणि युजर नॉनकॅश्ड म्हणून वाचतोय तर एआरएमवर एकाच फिजिकल पानाचे दोन वेगळे अ‍ॅट्रिब्यूट झाले, तिथे कोहेरन्सीचाच (सगळ्यांना तीच किंमत दिसण्याचा) भरवसा संपतो, आणि कितीही बॅरिअर टाका, काही होणार नाही. साधं कर्नलने वाटलेलं पान असेल तर ती ओळ काढा. डीएमए (हार्डवेअरने थेट मेमरी वाचणं-लिहिणं) कोहेरंट मेमरी असेल तर डीएमए एममॅप कोहेरंट वापरा. आणि डेटा कर्नल स्वतः न लिहिता हार्डवेअर डीएमएने लिहीत असेल तर मग प्रश्न तीन जणांचा होतो: डिस्क्रिप्टरचा मालकी बिट वाचल्यावर डीएमए आरएमबी, स्ट्रीमिंग मॅपिंग असेल तर डीएमए सिंक फॉर सीपीयू, आणि त्यानंतरच हेडचा रिलीज. एसएमपी वाले बॅरिअर डिव्हाइससाठी नाहीत, एका कोअरच्या कर्नल बिल्डमध्ये तर ते फक्त कंपायलर बॅरिअर उरतात.

प्रश्नात नव्हतं तरी सांगतो, युजरवर विश्वास ठेवू नका. टेल त्याच्या हातात आहे, तो तिथे काहीही लिहू शकतो. कर्नलने टेल एकदाच वाचायचा, लोकल व्हेरिएबलमध्ये घ्यायचा, हेड वजा टेल रिंगच्या साइझपेक्षा जास्त आलं तर नाकारायचं, आणि परत शेअर पानावरून वाचायचं नाही. स्वतःचा हेड सुद्धा शेअर पानावरून वाचू नका, खाजगी प्रत ठेवा, पानावर फक्त लिहा. सी मध्ये एकदाच वाचलंय असं दिसलं तरी कंपायलर दोनदा वाचू शकतो, रीड वन्स नसेल तर. झेन या हायपरव्हायझरची २०१५ ची एक्सएसए-१५५ नावाची सिक्युरिटी नोटीस याच प्रकाराची होती, शेअर मेमरीतली किंमत तपासताना एक आणि वापरताना दुसरी.

बीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवायची सोय) रिंग बफरवाल्यांनी (कर्नल ५.८, २०२०) हे छान केलंय, प्रोड्यूसर आणि कन्झ्यूमरची पोझिशन वेगवेगळ्या पानांवर, त्यामुळे प्रोड्यूसरचं पान युजरला फक्त वाचायला देता येतं, आणि वर हेड टेल एकाच कॅशे लाइनवर बसून दोन कोअर ती लाइन एकमेकांकडून ओढत बसत नाहीत. तुमच्या स्ट्रक्चरमध्ये हेड आणि टेल शेजारी आहेत असं वर्णनावरून वाटतंय, ते आधी वेगळे करा. टेल प्रत्येक रेकॉर्डला लिहू नका, हेडपर्यंतचे सगळे वाचून एकदाच लिहा, बॅरिअर वाचवण्यापेक्षा यात जास्त फायदा आहे.

टेस्टिंगचं म्हणाल तर थ्रेड सॅनिटायझरला (डेटा रेस शोधणारं टूल) कर्नल दिसत नाही आणि केसीसॅनला (त्याचं कर्नलमधलं भावंड) युजर दिसत नाही, म्हणजे आपला बग नेमका दोघांच्या मधल्या फटीत. कर्नलच्या टूल्समध्ये मेमरी मॉडेल नावाचा फोल्डर आहे, ४.१७ पासून, त्यातल्या छोट्या लिटमस टेस्ट हर्ड७ या सिम्युलेटरने चालवता येतात. मेसेज पासिंगची आणि स्टोअर बफरिंगची अशा दोन टेस्ट उघडा, पहिली म्हणजे तुमचं हेड, दुसरी म्हणजे ती झोपायची भानगड. पहिलीतला अ‍ॅक्वायर काढून चालवा, नको असलेला निकाल शक्य आहे असं तो सांगतो, परत टाका, अशक्य सांगतो. बोर्डावर टास्कसेटने युजरचा प्रोसेस आणि आयआरक्यूच्या एसएमपी अ‍ॅफिनिटी सेटिंगने इंटरप्ट, दोन्ही एकाच कोअरला बांधा आणि बग पूर्ण थांबतो का बघा, थांबला तर ऑर्डरिंगचा संशय पक्का धरा, एका कोअरला स्वतःचे लोड स्टोअर नेहमी क्रमानेच दिसतात. मग उलट करा, दोघांना वेगवेगळ्या क्लस्टरवर टाका आणि रिंग मुद्दाम चार स्लॉटची करा. तासांनी येणारा बग बरेचदा मिनिटांत यायला लागतो, आणि मग अ‍ॅक्वायरची ओळ टाकून तेवढाच वेळ, खरंतर एक अख्खी रात्र, चालू ठेवा.